नात्याचा रकाना

अभिनंदन,
कागद झाला. काल, विजयनगरला, कोर्टाबाहेर.
पंख्यानं उडू नये म्हणून नोटरीनं
त्यावर माझाच चष्मा ठेवला होता,
म्हणून सही अंदाजानं केली. रेघेच्या जरा खाली गेली.
चालतं म्हणाला.

साक्षीदार दोन. भडंगवाला चौगुले
आणि झेरॉक्सच्या दुकानातला एक पोरगा,
त्यानं सगळं वाचलं, मग विचारलं,
आजोबा, आजारी आहात?
नाही रे. म्हणून तर आलोय.

त्यात तुझं नाव नाही.
आधी हे पुरं वाच, मग फोन कर.
चिडून केलास तरी उचलेन.

एकतीस वर्षं आयर्विन पुलावरचे आकडे वाचले मी,
रात्री दोनला, बॅटरी मारून.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
लोक विचारायचे, अण्णा, उतरेल ना?
उतरण्याचं मला काय ठाऊक,
मला फक्त आकडा ठाऊक,
आणि तो मी कधी कमी करून सांगितला नाही.

मिरजेत सांगितला.
तुझ्या आईच्या उशाशी एकोणीस दिवस,
त्या हिरव्या पडद्याआड,
रोज तुला फोनवर एकेक फूट कमी.
तू म्हणायचास, सगळं करा, पैशाकडं बघू नका.
मी सह्या केल्या. नळीची. दुसऱ्या नळीची.
गळ्याला भोक पाडायची.
तिचे हात पट्टीनं कठड्याला बांधले होते,
नळी ओढते म्हणून.

ती ओढत होती, अभिनंदन.
हे तुला आज सांगतोय.

पुराचं वर्ष आठव. सांगलवाडीत पाणी गोठ्यात शिरलं,
मी छातीभर पाण्यात, चंद्रीच्या गळ्याला मिठी मारून,
नाव येतेय, येईलच आता, म्हणत उभा.
शाकिरा गिरणीतून आली,
पट्टा कापायची सुरी घेऊन.
मला काही विचारलं नाही तिनं.
तिन्ही दावी कापली.
दोघी तिसऱ्या दिवशी उसाच्या बांधावर सापडल्या.
चंद्री नाही सापडली.
महिनाभर मी शाकिराशी बोललो नाही.
महिनाभर ती दळण दळून
आमच्या कट्ट्यावर ठेवत राहिली, डब्याला फडकं बांधून.

तुझी माया कमी, असं नाही रे.
तू माझ्यासारखाच आहेस, गळ्याला मिठी मारणारा.

तुझा मामा विचारेल, भावजी संथारा घेतायत काय?
नाही म्हणून सांग. एवढी तपश्चर्या कुठली,
मला अजून दुपारचा चहा सुटत नाही.
बरा होणार असेन तर टोचा, चिरा, काय ते करा.
नसेन, तर शाकिरा म्हणेल ते.
फक्त हात बांधू नका.

नोटरी नात्याच्या रकान्यावर अडला.
मुलगा असताना शेजारीण? मुजावर?
पेन हवेत धरून माझ्याकडं बघत बसला.
मी आठवायला लागलो, काय सांगायचं.
शाकिरा म्हणाली, "ल्ह्या की, दळण देते."
त्यानं लिहिलं : परिचित.
मी खोडायला लावलं नाही. पण रात्री
झोप लागेना, तो शब्द दातात अडकल्यासारखा.

परत येताना पुलावर रिक्षा थांबवली तिनं.
खाली पाणी अगदी शांत, बारा-तेरा फूट असेल,
बघितल्याशिवाय राहवत नाही अजून.
म्हणाली, अण्णा, माझीबी एक अट हाय,
ती कागदावर घेऊ नका.
"पोरगं बेंगळूरास्नं येस्तवर
मी तोंड उघडणार न्हाई.
आधी त्यो आत जाईल, हात धरंल,
किती येळ धरायचा त्याचं त्यो बघंल.
मग मी डॉक्टरला काय ते सांगीन.
आणि त्यानंतर त्यो महिनाभर बोलला न्हाई
तरी चालंल मला."

तर रात्रीची गाडी धर. खिडकी मागू नकोस,
जरा झोप काढ.
तेवढी वाट मी बघेन.

प्रत सोबत आहे.
मूळ कागद गिरणीत, पाटाच्या वरच्या फळीवर,
ज्वारीच्या डब्यामागं.
झटकून घे.